काठाकाठानं वाडीपर्यंत

कृष्णा पुलावरून बघितली तर नुसतं पाणी दिसतं. काठ बघायचा तर चालावं लागतं, आणि चालायचं तर पौषात. पावसाळ्यात काठ पाण्याखाली जातो, चैत्र लागला की ऊन उभं राहू देत नाही. थंडीत मात्र नदी पात्राच्या तळाशी उतरलेली असते आणि वरची सगळी चढण उघडी पडते. पाण्यालगत ओला गाळ, त्याच्यावर मळीचं रान, मग पुरुष-दोन पुरुष उंचीची उभी दरड, दरडीच्या माथ्यावर ऊस आणि उसाच्या मागं एखाद्या देवळाचं शिखर. सांगलीच्या नदीकाठच्या माणसांचं सगळं आयुष्य या चढणीवर जातं. खाली वांगी, वर हळद, त्याहून वर घर. काही वर्षांनी एकदा नदी हीच चढण चढून घरात येते. ती पायाखालून घालावी म्हणून आम्ही औदुंबरहून नरसोबाच्या वाडीपर्यंत काठाकाठानं चालायचं ठरवलं.

वाट आमची नव्हे. श्रीनृसिंह सरस्वती औदुंबरला एक चातुर्मास राहिले, तिथून नदीच्या खालच्या अंगाला वाडीला आले, तिथं बारा वर्षं राहून मग गाणगापूरला गेले, असं दत्तसंप्रदायाची परंपरा सांगते. त्या मार्गानं अजूनही माणसं पायी जातात. आमच्या मेळ्यात दत्तभक्त होते, दुर्बिणी घेऊन आलेले पक्षीवेडे होते, पुण्याहून आलेल्या भूगोलाच्या बाई होत्या आणि याच भागात नोकरी करून निवृत्त झालेले एक कृषी सहायक होते. वाटेत कुणी काहीही विचारलं की आम्ही त्यांच्याकडे बघत असू.

भिलवडी स्टेशनात गाडीतून उतरलो तो भोगीचा दिवस होता. गावातल्या एका ओळखीच्या घरी दुपारचं जेवण होतं. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, लोण्याचा गोळा आणि भोगीची भाजी: वांगं, हरभऱ्याचे घाटे, घेवडा, गाजर, पावटा, वर तिळाचं कूट. वांगं तोंडात घातल्याबरोबर बाई थांबल्या. साल जाणवत नव्हती, बी जाणवत नव्हतं. घरच्या काकींना त्याचं नवल नव्हतं. म्हणाल्या, "मळीचं हाय. त्याला कायबी घालावं लागत न्हाई."

जेवणानंतर काकींनी आम्हाला ती मळी दाखवली. घाटाच्या बाजूनं खाली उतरलं की पाण्याजवळ लांब पट्टा लागतो. दर पावसाळ्यात पूर त्याच्यावर गाळ आणून टाकतो. पाणी उतरलं की कार्तिकाच्या सुमाराला त्यात वांगी, हरभरा, भाजीपाला लावतात. माती हातात घेतली तर मऊ, खडा नाही, आणि थोडं उकरलं तरी ओल लागते. सह्याद्रीचा काळा दगड झिजून झालेला हा पोयटा कोयना आणि अशा कितीतरी ओढ्या-नद्यांनी वाहून आणलेला. आम्ही शहरातली माणसं पूर म्हटलं की नुकसान एवढंच ऐकून असतो. काकींच्या हिशेबात पुराचं पाणी मळीपर्यंत यायलाच हवं. ते आलं नाही तर पुढल्या वर्षी वांगं असं लागत नाही. ते मळी सोडून वर चढलं की मग संकट. किती पाणी चांगलं आणि किती वाईट हे त्या काठाकडे बोट करून सांगत होत्या. त्यांचं बोट एका बाभळीपाशी थांबलं. "तितपर्यंत आपली आई," त्या म्हणाल्या. पुढचं बोलल्या नाहीत.

संध्याकाळी नावेनं पलीकडे औदुंबरला गेलो. अलीकडच्या काठावर भुवनेश्वरीचं देऊळ आणि समोर औदुंबराच्या सावलीतल्या दत्ताच्या पादुका. मधलं पात्र इथं रुंद आणि संथ आहे. खालच्या बंधाऱ्यांना पावसाळ्यानंतर बरगे घालतात, त्यामुळं हिवाळ्यात इथलं पाणी जवळजवळ उभंच असतं. वल्ह्याचा आवाज आणि देवळातली घंटा एवढंच ऐकू येत होतं. नावाडी पाण्याकडे न बघता दोन्ही काठांकडे बघत होता. त्याचं कारण तिसऱ्या दिवशी, चालताना कळलं.

संक्रांतीला औदुंबरात साहित्य संमेलन भरतं. कवी सुधांशू आणि त्यांच्या सोबत्यांनी १९३९ साली ते सुरू केलं आणि सदानंद साहित्य मंडळ ते चालवत आलं आहे. मला या संमेलनाबद्दल पहिल्यापासून ओढ वाटत आली आहे. मोठ्या शहरांच्या संमेलनांत श्रोते साहित्यिकांना बघायला येतात. इथं शेतकरी रानातली पाळी उरकून, अंगावर घोंगडं नाहीतर शाल घेऊन येऊन बसतो आणि कविता ऐकतो. माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांच्या हातात तिळगुळाची पुडी होती. प्रत्येक कवितेनंतर ते मान डोलवत किंवा डोलवत नसत. न डोलवलेली मान फार स्पष्ट दिसायची. एका मुलीनं उसतोडीवरची कविता वाचली तेव्हा त्यांनी पुडीतला तिळगूळ काढून तिच्या हातावर ठेवला. आठ दशकांहून अधिक काळ एका लहान खेड्यात, सणाच्या दिवशी, माणसं शब्द ऐकायला जमतात, ही गोष्ट मला कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठी वाटते.

खरी चाल दुसऱ्या दिवशी पहाटे सुरू झाली. अंकलखोपच्या रानातून आम्ही उजव्या काठानं खाली निघालो. धुकं इतकं दाट होतं की पुढच्या माणसाची पाठ दिसायची आणि त्याच्या पुढचा नुसता खोकल्यावरून कळायचा. उसाच्या पात्यांवर दहिवर साचलं होतं. पाऊलवाटेनं शिरलं की दोन्ही बाजूंनी ते अंगावर सांडायचं, आणि दहा मिनिटांत सगळे गुडघ्यापर्यंत ओले. नदी दिसत नव्हती, पण ती डाव्या हाताला आहे हे मोटरींच्या घरघरीवरून कळत होतं. इथल्या काठावर ठिकठिकाणी जॅकवेल आहेत आणि तिथून नळ वर रानात गेलेले. वीज बऱ्याचदा रात्री मिळते, म्हणून थंडीतही माणसं रात्रभर बॅटरी घेऊन पाटाच्या पाण्यात उभी असतात. एका बांधावर शेकोटीपाशी बसलेले दोघे भेटले. पायांना चिखल, डोळे लाल.

"कुठं निघालाय?"

"वाडीला."

"चालत? आन् काठानं?" त्यांनी एकमेकांकडे बघितलं. "रस्ता चांगला हाय की पलीकडनं."

नदी बघायला आलोय म्हटल्यावर त्यांनी शेकोटीभोवती जागा करून दिली. त्यातला थोरला म्हणाला की पुराच्या वेळी मोटरी वर ओढून घ्यायला आठ-दहा गडी लागतात, आणि रात्री किती वाजता ओढायच्या हे पाण्याच्या वासावरून कळतं. नव्या पाण्याला मातीचा वास असतो. वास आला की झोपायचं नाही.

धुकं उठलं तेव्हा पलीकडे ब्रह्मनाळ दिसलं. येरळा इथं कृष्णेला मिळते. ८ ऑगस्ट २०१९ला महापुरातून लोकांना बाहेर काढणारी नाव इथंच उलटली आणि बायका, मुलं, म्हातारी माणसं बुडाली. आता त्याच पाण्यावर ऊन पडलं होतं, आणि खंड्या एका जागी पंख फडफडवत खाली सूर मारत होता. आमच्यातले दत्तभक्त पाण्याकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. मीही जोडले.

त्याच्या पुढच्या वळणावर मगर दिसली. पलीकडच्या वाळवटावर, पाण्यापासून दोन हातांवर, जबडा उघडा टाकून ती ऊन खात पडली होती. दुर्बिणीतून तिच्या पाठीवरचे वाळलेल्या चिखलानं माखलेले खवले मोजता आले असते. औदुंबर, भिलवडी ते डिग्रजपर्यंतच्या या डोहांमध्ये मगरींची वस्ती आहे, आणि हिवाळा हा त्यांना बघण्याचा काळ. थंड रक्ताचं जनावर. रात्री गार पडलेलं अंग तापवायला सकाळी त्यांना काठावर यावंच लागतं. माघ-फाल्गुनात मादी वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि पावसाच्या तोंडाला पिल्लं बाहेर पडतात. वाळूचा उपसा झाला की तिची अंड्यांची जागा जाते. मग ती मळीत, माणसाच्या वाटेजवळ येते. या पट्ट्यात माणसांवर हल्ले झालेत, पोरं गेलीत. त्यामुळं मगरीबद्दल इथं हळवं होऊन बोलता येत नाही, आणि मी ते बोलणारही नाही. पण काठावर म्हशी घेऊन आलेल्या एका बाईंनी जे सांगितलं ते लिहायला हवं. पूर्वी म्हशी थेट डोहात सोडत. आता त्या बंधाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात धुतात आणि बरोबर दुसरं कुणीतरी काठावर उभं राहतं. "तिची बी नदी हाय," त्या म्हणाल्या. "आपण बगून वागायचं." घरातल्या कुणाला गमावलेल्या माणसानं हे वाक्य म्हटलं असतं का, हे मला विचारता आलं नाही.

दुपारपर्यंत उसाच्या तोडीत पोचलो. तुंगच्या पुढं एका पडीक तुकड्यावर तोडणी कामगारांच्या कोप्या होत्या: बांबूच्या कमानी, वर चटया आणि प्लॅस्टिक, दाराशी तीन दगडांची चूल. माणसं बीडकडची. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, आणि हिशेब कोयत्यावर. दसरा-दिवाळीला मुकादमाकडून उचल घेऊन यायचं, शिमग्याच्या सुमाराला परत जायचं. त्यातली एक बाई पहाटे तीनला उठून भाकरी करून फडात आली होती. नवरा तोडत होता, ती पाचट सोलून मोळ्या बांधत होती आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवत होती. तिचं दीड-दोन वर्षांचं पोर पाचटाच्या ढिगावर निजलं होतं. वाडं, म्हणजे उसाचा शेंडा, विकून येणारे सुटे पैसे रोजच्या मीठमिरचीला.

भूगोलाच्या बाईंनी तिला गावाकडच्या नदीबद्दल विचारलं. ती म्हणाली, "नदी हाय ना. पर पौषात तिच्यातून वाट हाय." इथं ती भरल्या नदीच्या काठावर जो ऊस तोडते त्या उसानं तिच्या आयुष्याचे सहा महिने घेतलेले, आणि तिच्या शेतात ज्वारीलाही पाणी पुरत नाही. पश्चिम महाराष्ट्राची साखर आणि मराठवाड्याची कोरडी रानं या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या बातम्यांत वाचतो. त्या कोपीच्या दाराशी त्या एकाच जागी उभ्या होत्या. आम्ही तिथं फार वेळ थांबलो नाही. ट्रॉली भरायची होती आणि आमच्यामुळं तिचा हात थांबत होता.

कसबे डिग्रजला हळद लागली. कृषी सहायकांचा हा मुलूख. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं हळद संशोधन केंद्र इथंच आहे, आणि वाणांबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलला. जानेवारीत पाला पिवळा पडून लवतो, तो कापून घेतात, जमीन थोडी सुकू देतात आणि मग गड्डे काढतात. एका रानात काढणी सुरू झाली होती. ओल्या मातीतून आलेला तो वास मसाल्याच्या डब्यातल्या वासासारखा नसतो. त्यात कच्चेपणा असतो, आल्यासारखा तिखट गारवा असतो. पुढं हळद शिजवायची, पंधरवडाभर वाळवायची, पिंपात घालून घासायची, तेव्हा कुठं तिला बाजारातला रंग चढतो.

मौजे डिग्रज आणि सांगलवाडी भराभर मागं पडली. संध्याकाळी आयर्विन पुलावर आलो. १९२९ सालचा हा दगडी पूल सांगलीकरांच्या बोलण्यात पूल म्हणून फारसा येत नाही, माप म्हणून येतो. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. पावसाळ्यात सगळं शहर सकाळी उठल्यावर आधी 'पुलाला किती?' असं विचारतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही कठड्यावरून खाली बघितलं. पाणी इतकं खोल होतं की ५७ फुटांचा आकडा डोळ्यांनी उचलता येईना. बाईंनी खालून वर मोजायला सुरुवात केली: तो घाट, ती भिंत, ते देऊळ, त्याच्या मागचं दुमजली घर. घराच्या वरच्या मजल्याच्या खिडकीपाशी त्या थांबल्या आणि मग पुढं मोजायचं त्यांनी सोडून दिलं.

हरिपूर सांगलीला चिकटूनच आहे, पण तिथं पोचलं की शहर संपल्यासारखं वाटतं. चिंचांच्या सावलीतून रस्ता जातो आणि संगमेश्वराच्या घाटावर थांबतो. समोरून वारणा येते. हिवाळ्यात दोन्ही नद्या इतक्या शांत असतात की कुठं एकीची हद्द संपते ते कळत नाही. 'संगीत शारदा'चे नाटककार गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीची गोष्ट त्यांनी १८९९ साली रंगभूमीवर आणली. सांगली संस्थानात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, त्याला तेव्हा जेमतेम छप्पन्न वर्षं झाली होती. एवढ्या वेळात मराठी नाटक देवादिकांकडून शेजारच्या घरातल्या मुलीपर्यंत आलं. या संगमावरच्या पारावर बसून देवल लिहीत, असं गावातले लोक सांगतात.

मला मात्र हरिपुरात पेवं बघायची होती. हळदीचा व्यापार इथं जमिनीखाली चालायचा. तोंड अरुंद, आत रुंद आणि खोल असे खड्डे. इथली माती अशी की आत ओल धरत नाही. त्यात हळद ओतून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं तिला कीड लागत नसे, उलट रंग चढत असे. पेव उघडलं की आतली कोंडलेली हवा जाईपर्यंत कुणी उतरायचं नाही, हा नियम. व्यापारी पेवांच्या पावत्यांवरच सौदे करत. २००५च्या पुराचं पाणी पेवांत शिरलं. कित्येक पेवं खचली, हळद कुजली, आणि माल गोदामांत आणि शीतगृहांत गेला. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ज्या पेवांनी तिचं नाव केलं त्यांतली बहुतेक बुजलेली होती. एका गृहस्थांनी आम्हाला आपल्या मोकळ्या जागेत नेलं आणि जमिनीवर पाय आपटून दाखवलं. एके ठिकाणी आवाज पोकळ आला. "इथं एक हाय," ते म्हणाले. त्यांनी त्यावर काही बांधलेलं नाही. मी विचारलं, पुन्हा भरणार का? त्यांनी मान हलवली. पण जागा सोडली आहे. अशी पेवं नकाशावर नोंदवून एक-दोन तरी नीट जपायला हवीत, पुन्हा हळद भरून. ती विद्या सांगणारी माणसं अजून गावात आहेत.

हरिपूरचा पूल ओलांडला की कोथळी, म्हणजे कोल्हापूर जिल्हा. शिरोळ तालुक्याची ही बाजू मला सगळ्यात अवघड गेली. चालायला नव्हे, बघायला. उदगावपासून अर्जुनवाडपर्यंत काठ जागोजाग तुटलेला आहे. पूर आठ-दहा दिवस राहतो तेव्हा दरड आतपर्यंत भिजून जड होते. पाणी झपाट्यानं उतरलं की तिला बाहेरून असलेला पाण्याचा टेका निघून जातो आणि सगळा वजनदार लगदा एकदम नदीत बसतो. एका शेतकऱ्यानं आपल्या उताऱ्यावरचं क्षेत्र आणि प्रत्यक्षातलं क्षेत्र यातला फरक आम्हाला हातानं दाखवला: तो हात नदीच्या मध्यावर नेऊन थांबला. काही ठिकाणी माणसानंही मदत केली आहे. काठाचा पोयटा विटांना चांगला, म्हणून भट्ट्यांना गेला. जिथं माती काढली तिथं पुढल्या पुरानं आत मुसंडी मारली. ज्या काठानं वांगं दिलं तो विटांच्या भावानं विकला जावा, याचा मला तिथं उभं असताना संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही.

अर्जुनवाडच्या समोर मिरजेचा कृष्णाघाट दिसतो. तिथं भाकरी सोडून बसलो आणि पुढं घालवाड, शिरटीकडे निघालो. इथं उसाच्या मधेच एकदम रिकामं रान लागतं. जमिनीवर पांढरा थर, त्यात वाळलेलं खुरटं गवत. आमच्यातल्या एकाला ते दहिवर वाटलं. कृषी सहायकांनी वाकून चिमूट उचलली आणि जिभेला लावली. खारट. गेल्या दोन-तीन पिढ्यांत उसाला भरमसाट पाणी दिलं गेलं, खालच्या काळ्या मातीतून त्याला निचरा मिळाला नाही, पाण्याबरोबर क्षार वर आले, आणि सोन्यासारखी जमीन क्षारपड झाली.

त्याच रानाच्या टोकाला चर खणणं चालू होतं. जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकायच्या, त्यांतलं पाणी मुख्य नळीत घ्यायचं आणि ओढ्याला सोडायचं. एकट्यानं होत नाही. नळी शेजाऱ्याच्या रानातून न्यावी लागते, म्हणून शेतकरी मिळून करतात, आणि या तालुक्यात अशी बरीच जमीन पुन्हा लागवडीखाली आली आहे. चरापाशी उभा असलेला तरुण शेतकरी पस्तिशीचा असेल. तो म्हणाला, "आजोबानं नदीचं पाणी रानात आणायला कर्ज काढलं. मी ते रानातनं काढायला काढलंय." तो हसला नाही. त्याच्या शेजारच्या तुकड्यात नळ्या टाकून दोन वर्षं झाली होती, आणि तिथं हरभरा गुडघाभर उंचीचा, घाट्यांनी भरलेला उभा होता. त्यानं आम्हाला ओंजळभर घाटे काढून दिले. सोलून खात आम्ही वाडीपर्यंत गेलो.

नरसोबाच्या वाडीला पोचेपर्यंत दिवस कलला होता. घाटाच्या पायऱ्या पाण्यापर्यंत सगळ्याच्या सगळ्या मोकळ्या होत्या. पावसाळ्यात इथं पाणी चढत चढत देवळात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडतं. तो दक्षिणद्वार सोहळा. त्यात स्नान करायला माणसं धावत येतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात. त्या वेळी तिथं असलेल्या एका सेवेकऱ्यांनी आम्हाला पायऱ्या दाखवल्या, वर्षांच्या नावानं: ही अमक्या सालची, ही त्याच्या पुढची. २०१९ दाखवायला ते पायऱ्या सोडून पार वर बाजारपेठेपर्यंत घेऊन गेले आणि एका मिठाईच्या दुकानाच्या छताकडे त्यांनी बोट केलं. दुकानदार खाली कवठाच्या बर्फीचे तुकडे पाडत होता. त्यानंही वर बघितलं आणि पुन्हा सुरी चालवायला लागला.

संगमावर मात्र मन रमलं नाही. पंचगंगा कोल्हापूर आणि इचलकरंजी ओलांडून इथं येते आणि येताना काय घेऊन येते ते पाण्यावर दिसत होतं. तिच्या अंगाला केंदाळाचा हिरवा थर पार वळणापर्यंत पसरला होता. केंदाळ वाढतं ते सांडपाण्यावर. वर्षानुवर्षं आंदोलनं झाली, न्यायालयात दावे झाले, आदेश निघाले. त्या दिवशी भाविक कृष्णेच्या बाजूला उतरून आचमन करत होते आणि पंचगंगेकडे पाठ करत होते. जिच्याशी संगम झाला म्हणून ही जागा तीर्थ झाली, तिच्याकडे पाठ करून तीर्थ घ्यावं लागतं. यावर सेवेकरी काही बोलले नाहीत, पण माझ्या हातावर तीर्थ घालताना त्यांनी 'हे वरच्या अंगाचं' असं सांगितलं.

ज्यांना चालायचं आहे त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. संक्रांतीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ चांगला. काठाची वाट कुठल्याही नकाशात सलग मिळत नाही, ऊस तुटला की ती बदलते, म्हणून प्रत्येक गावात पुढच्या गावची वाट विचारून घ्यावी. पाण्याच्या कडेनं सकाळी लवकर आणि अंधार पडल्यावर चालू नये, आणि औदुंबर ते डिग्रज या पट्ट्यात नदीत पाय सोडून बसू नये. उसाच्या ट्रॉल्या रात्रीही धावतात, डांबरी रस्त्यावर येताना सांभाळावं. मुक्कामाची सोय औदुंबरला आणि वाडीला भक्तनिवासांत होते, मध्ये सांगली आहेच. कुणी मळीतलं वांगं दिलं तर घ्यावं. आणि शक्य असेल तर बरोबर शाळेची मुलं न्यावीत. आमच्या बाई पुढल्या पौषात नववीचा वर्ग घेऊन जाणार आहेत. त्यांनी मुख्याध्यापकांना अर्जही दिला आहे, आणि त्यात ठिकाण म्हणून 'कृष्णेचा उजवा काठ, अंकलखोप ते शिरटी' असं लिहिलं आहे.